तेहतीस मासे आणि दोन समुद्रघोडे

"मॅडम, पिशव्या टाकीत तरंगतायत. सोडू का?"

केतनचा फोन आला तेव्हा मी रेवदंड्याला एका बंगल्यातली टाकी साफ करत होते. कोपरापर्यंत हात पाण्यात. कसल्या पिशव्या, विचारलं. माशांच्या, म्हणाला. किती मासे? त्याने आवाज खाली आणला.

"तेहतीस. सासरे घेऊन आलेत."

मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. एकही पिशवी उघडू नकोस. उघडली असेल, तर सुटलेल्या माशांमागे जाळी घेऊन धावू नकोस. आणि सासऱ्यांना चहा दे. मग बंगल्याच्या माळ्याला पंप चालू ठेवायला सांगून गाडी काढली. थर्माकोलचे खोके, बॅटरीवर चालणारे एअर पंप आणि जाळ्या माझ्या गाडीत कायम असतात. या धंद्यात सामान घ्यायला घरी परत जाण्याइतका वेळ मासे देत नाहीत.

माझा धंदा म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाक्या लावून देणं आणि त्या जिवंत ठेवणं. अलिबागपासून मुरुडपर्यंत हॉटेलं, दवाखाने, बंगले. केतन काशीदला कॉटेजेस चालवतो, आणि घरच्या हॉलमध्ये त्याची एक टाकी आहे. तिच्यात तेव्हा दोनच रहिवासी होते, समुद्रघोड्यांची एक जोडी. परदेशी जात, टाकीतच जन्मलेली, कागदपत्रं आणि नोंदणी पूर्ण. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या समुद्रातला घोडा पकडायला आणि पाळायला कायद्याने बंदी आहे. जाळ्यात आला तरी परत सोडायचा. कागद बघितल्याशिवाय मी अशा टाकीला हात लावत नाही.

साळावचा पूल ओलांडताना अंदाज आला. अधिक महिना चालू होता. जावयाला तेहतीसचं वाण द्यायचं असतं, अनारसे, बत्तासे, असं काही. केतनला डॉक्टरांनी साखर बंद केलेली. सासऱ्यांनी विचार केला असणार, जावई गोड खात नाही, पण मासे पाळतो. हिशोब बरोबर होता. टाकी चुकीची होती.

प्रणाली, केतनची बायको, फाटकापाशीच उभी होती. गाडीतून खोके उतरवताना तिने घाईघाईत सगळं सांगितलं. वडील उरणकडचे, बंदरात त्यांचे ट्रेलर चालतात. जावयाने आपल्या धंद्यात यावं अशी त्यांची इच्छा होती. केतनने काशीद सोडलं नाही. लग्नानंतर त्यांनी या घरात पाऊल ठेवलं नव्हतं.

"आज पहिल्यांदा आलेत, मॅडम. स्वतः टेम्पो घेऊन. त्यांचं वाण परत गेलं तर पुन्हा ही पायरी चढणार नाहीत."

मी म्हटलं, आधी पाणी बघू.

हॉलमध्ये टाकीच्या काचेला कुंकू लावलं होतं. समोर पाटावर निरांजन. पिशव्या पाण्यावर एकमेकींना घासत होत्या. सोफ्यावर म्हात्रे, म्हणजे प्रणालीचे वडील, पांढरा शर्ट, मांडीवर हात. शेजारी तिची आई. म्हात्र्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मुंबईच्या दुकानदाराला नीट विचारून आणलेत, म्हणाले.

"तो बोलला, खाऱ्या पान्याचे हायत ना, सगले एकत्र र्‍हातात."

एक पिशवी ओवाळून आधीच सोडली होती. पाच निळे डॅमसेल. बोटाएवढा मासा, दिसायला दागिना, स्वभावाने गल्लीतला दादा. पाचांनी टाकीचा मधला भाग ताब्यात घेतला होता. घोडे मागच्या फांदीला शेपटी गुंडाळून बसले होते आणि त्यांचा पिवळा रंग काळपट पडला होता. घाबरला की घोडा असा गडद होतो.

इथे जरा घोड्याबद्दल. त्याला जठर नसतं. खाल्लेलं साठत नाही, सरळ पुढे जातं, म्हणून थोडं थोडं पण वारंवार खावं लागतं. पोहायला तो कच्चा. फांदी धरून बसतो, समोरून जाणारा कण दोन्ही डोळ्यांनी नीट पारखतो, मग नळीसारख्या तोंडाने ओढून घेतो. त्याच्या शेजारी कोणाला ठेवायचं हे ठरवताना मी तीन प्रश्न विचारते. हा त्याच्यापेक्षा वेगाने खातो का? चावतो का? डंख करतो का? तिन्हींना 'नाही' आलं, तर चौथा. घोड्यांचं पाणी चिलरने थोडं थंड ठेवलेलं असतं, ते याला झेपेल का?

हे सगळं म्हात्र्यांना भाषण म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. मी केतनला फ्रीझरमधलं खाणं आणायला सांगितलं. बारीक कोळंबीसारखे जीव असतात, गोठवलेले. पाण्यात ठेवून त्यांचा बर्फ उतरवला आणि ते लांब पिचकारीने घोडीच्या तोंडासमोर अलगद सोडले.

घोडीने मान वाकवली. नेम धरला. डॅमसेलने कण उचलला. तिने दुसऱ्यावर नेम धरला. तोही गेला. मग तिसरा. म्हात्रे सोफ्यावरून उठून काचेजवळ आले.

"ती खात का न्हाय?"

"खाते. पण बघून खाते. तिचं बघून होईपर्यंत ताट रिकामं."

"मंग जास्ती टाका."

सूचना रास्त होती, निम्मे ग्राहक हेच सुचवतात. मी सांगितलं की जास्त टाकलं तर डॅमसेलच जास्त खातात. उरलेलं कुजतं. माशांची घाण पचवणारे जिवाणू टाकीच्या दगडांत असतात, आणि या टाकीत ते दोन घोड्यांपुरते आहेत. एकदम तेहतीस मासे आले तर पाण्यात विष चढेल. घोडे जातील, आणि मागोमाग बाकीचेही.

"ओव्हरलोड," म्हात्रे म्हणाले.

"हो."

ते काचेपासून मागे सरले. मग शांतपणे म्हणाले, "भरा परत टेम्पोत."

आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. प्रणाली दारातून माझ्याकडे बघत होती. केतन घाईने म्हणाला, नको पप्पा, राहू देत, बघू काय होतं ते. मी त्याला तिथेच थांबवलं. काय होतं ते मला माहीत होतं. टाकीच्या बाबतीत भिडेखातर हो म्हणायची सोय नसते. म्हात्र्यांनी दुसरा मार्ग काढला, समोर दर्या हाय, तिथं सोडून देऊ. त्यालाही मी नाही म्हटलं. बाजारातले मासे कुठल्या कुठल्या समुद्रांतले, त्यांच्यासोबत रोग येतात. ते आपल्या किनाऱ्यावर सोडायचे नाहीत. एका दुपारी एका माणसाला मी दोनदा नाही म्हटलं होतं, तेही मुलीच्या सासरी.

प्रणालीच्या आई सोफ्यावरून उठल्या. नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मी बोलत होते अनारसे करते, तं आईकला न्हाय. पन अनारसे आनले असते तं जावई काय तेहतीस एकटा खानार होता? शेजारापाजाराला वाटलेच असते ना?"

मी हातातली पिचकारी खाली ठेवली. मला सुचत नव्हतं ते बाईंनी सांगितलं होतं. मी म्हात्र्यांना म्हटलं, वाण पोचलं आहे. केतनने घेतलं, ओवाळलं. आता तो ते वाटेल. अलिबागेत एका हॉटेलची मोठी टाकी आहे, मुरुडच्या डॉक्टरांकडे एक आहे, आणखी दोन-तीन घरं आहेत. माझ्याकडच्या वेगळ्या टाक्यांमध्ये मासे काही आठवडे ठेवून तपासायचे, आणि मग ज्याला जिथे मानवेल तिथे द्यायचे.

म्हात्रे कबूल झाले. धंदेवाला माणूस, दोन अटी घातल्या.

"वाटायचा तो जावयाचे हातानं. नाव त्याचा. आनि एक तरी मासा या घरान र्‍हायला पायजे."

पहिली अट सोपी होती. दुसरीसाठी मी एकेक पिशवी उजेडाला धरली. म्हात्रे शेजारी उभे राहून विचारत होते आणि मी उत्तरं देत होते. हा पट्ट्यांचा क्लाउन? आपली जागा ठरवली की जवळ येईल त्याला हाकलतो, नको. हा पिवळा? टँग, दिवसभर फेऱ्या मारतो, घोड्यांना ती वर्दळ सोसत नाही. हा गोल गुबगुबीत? पफर, शेपटी आणि पर कुरतडेल. ते हळूहळू स्वतःच सांगायला लागले, हा धावतो, हा न्हाय चालनार. शेवटच्या दोन पिशव्यांपैकी एकीत तीन कार्डिनल निघाले. ठिपक्यांचे, मोठ्या डोळ्यांचे, एका जागी तरंगत राहणारे. दुसरीत दोन गोबी, तळाशी बसून राहणारे. मी म्हटलं, हे पाच. पण आजच नाही, आधी तपासणी.

"म्हंजे आमच्या गाड्यांची पासिंग," म्हात्रे म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

डॅमसेल काढायला मात्र घाम निघाला. निम्मे दगड उपसावे लागले. ते काम केतनने आणि म्हात्र्यांनी मिळून केलं, पांढरा शर्ट ओला होईपर्यंत. मी बाजूला उभी राहून फक्त कुठली जाळी कुठे धरायची ते सांगितलं. पाच पकडल्यावर मी पुन्हा पिचकारी घेतली. घोडीने नेम धरला, आणि या वेळी कण तिच्या तोंडात गेला.  प्रणाली पानं घ्यायला आत गेली.

पुढचं थोडक्यात. प्रवासाचा ताण काही माशांना सोसला नाही. माझ्याकडे आल्यावर तीन गेले. तपासणीत एक गोबीही गेला. हे मी म्हात्र्यांना फोन करून सांगितलं, लपवलं नाही. बाकीचे केतनने घरोघरी स्वतः नेऊन दिले. हॉटेलच्या टाकीत डॅमसेल आता आपल्या तोडीच्या माशांशी भांडतात आणि मजेत आहेत. तीन कार्डिनल आणि एक गोबी काशीदच्या हॉलमध्ये आहेत. घोड्यांचा रंग परत पिवळा झाला. म्हात्रे अधूनमधून येतात. सोफ्यावर न बसता खुर्ची ओढून टाकीसमोर बसतात आणि घोडे जेवल्याशिवाय स्वतः पानावर बसत नाहीत, असं प्रणाली सांगते.

घोड्यांना सोबती शोधताना लोक मला विचारतात, कोण कोणाला चावतं. मी सांगते, ते नंतर बघू. आधी बघा कोण किती वेगाने जेवतं. आणि हल्ली नवी टाकी लावून दिली की बाकीच्या सूचनांखाली एक ओळ आणखी लिहिते: भेट आलेला मासा असेल तर आधी मला फोन, मग ओवाळणं.