ट्रायल रूमच्या मागचा गवई

आमच्या कंपनीतल्या टोळीचे किस्से स्क्रूंच्या डब्यासारखे आहेत. एक शोधायला डबा उपडा केला की दहा बाहेर पडतात!

सध्याचे सगळे गायकवाडचे. तो पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. अंबरनाथला कॉलनीच्या प्रत्येक कार्यक्रमात गायलेला माणूस, पण खऱ्या बँडसोबत एकदाही नाही. तेवढी एकच इच्छा राहिलेली. म्हणून म्हात्रे आणि मी त्याला रविवारी संध्याकाळी शेजारच्या सिंधी वस्तीत, कॅम्प चारमधल्या जुन्या बारमध्ये घेऊन गेलो. तिथे रविवारी बँड वाजतो.

*

हा बार दारूबंदीच्या काळात कपड्यांच्या दुकानामागे लपवलेला. अजूनही काउंटरवर 'बेचाळीस नंबरचा शर्ट' मागायचा, मग ट्रायल रूममधला आरसा सरकतो.

गायकवाडला आम्ही नीट पढवलं आणि पुढे गेलो. वीस मिनिटं झाली, पठ्ठ्याचा पत्ता नाही! फोन केला तर म्हणतो, "अरे, बेचाळीस ढगळ होतो मला. अडतीसमध्ये चेक्स बघतोय!"

*

म्हात्रे खरवई गावचा आगरी. त्याच्यासमोर धूर निघणारं कॉकटेल आलं. त्यानं घाबरून जोरात फुंकर मारली. "जलला वाटतं रं!"

बारटेंडर कळवळला, "सर, वो धुआँ ही तो स्पेशल था!"

"मंग दुसरा आन. या टायमाला फुकनार नाय!"

*

मालक ऐंशीच्या पुढचे, सगळे त्यांना सिंधी पद्धतीनं, आदरानं साईं म्हणतात. त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. दारूबंदीत एकदा पोलिसांची धाड पडली. वडिलांनी शांतपणे टेप काढून साहेबांचंच माप घेतलं आणि सफारी शिवायला टाकली.

तिसऱ्या दिवशी साहेब ट्रायलला आले. सफारी घातली, भांग नीट केला आणि हळूच म्हणाले, "आता आरसा सरकवा!"

*

शेवटी आम्ही साईंना विचारलं, गायकवाडला बँडसोबत गाऊ द्याल का? त्यांनी बोट वर केलं. "एक गाना. लेकिन धीरे. आवाज बाहर नहीं जाना चाहिए, ये बाप के टाइम का रूल है."

गायकवाड बँडसमोर जाऊन उभा राहिला. त्यानं वडिलांकडून शिकलेली गझल धरली, अगदी दबक्या आवाजात. बँड मागे मागेच राहिला. शेजारच्या टेबलवाले गप्पा मारायला लागले.

अंतऱ्याला त्यानं डोळे मिटले आणि रूल विसरला. असा मोकळा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता! गप्पा थांबल्या. गिटारवाला हसत पुढे सरकला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

गाणं संपलं. साईं काठी टेकत उठले. गायकवाड घाईघाईनं म्हणाला, "सॉरी साईं, जरा जोरात झालं..."

साईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. सेल्समनला हाक मारली.

"आईना हटा दे. दुकान का दरवाज़ा भी खोल. और इनको बोल, फिर से गाएँ!"