नमुन्याच्या बांगड्या

तिसगावच्या चांगुणा कासारणीच्या नवऱ्याचं नाव कारभारी. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, कारभारी म्हणतात. एकवीस साली करोनाने तो गेला. दाखल्यासाठी फोन करणाऱ्याने तिला विचारलं, "बाई, मालकांचं नाव?"

"कारभारी."

"ते कळलं हो. नाव काय?"

असं तीनदा झालं. रडता रडता तिला हसू आलं, आणि त्या हसण्याची तिला अजून लाज वाटते.

दहाव्याला बांगड्या फोडायला भावकीतल्या बायका येतात. हिच्या दाराशी यायची कोणाची छाती झाली नाही. थोरली जाऊ रस्त्यापलीकडून दुहेरी पदर तोंडाला लावून म्हणाली, "चांगुणे, तुझी तूच फोड. आमी हितून बघतो."

चांगुणा आत गेली, हाताला साबण लावला आणि सगळ्या बांगड्या अखंड उतरवल्या.

"फोडल्या का?"

"वाढवल्या."

बांगडी फुटली तरी आम्ही वाढली म्हणतो, त्यामुळे जाऊ समाधानाने घरी गेली. त्या दिवसांत तिला जवळ घ्यायला कोणीही गेलं नाही, याचा मला संताप येतो. त्या कोणीमध्ये मीही होते.

बाजार उघडला तेव्हा खरी पंचाईत झाली. कासारणीचा हात म्हणजेच तिचं दुकान. तिचे मोकळे हात बघून बायका पुढे जायच्या. घरी दोन पोरी, आणि चूल या बांगड्यांवरच पेटायची. तिसऱ्या आठवड्यात चांगुणा दोन्ही हात भरून बसली. जाऊ तरातरा आली.

"विधवा बाई तू. लाज न्हाई व्हय?"

"माझ्या न्हाईत, बाई. नमुना हाय. कापडाच्या दुकानात पुतळीला साडी नेसवत्यात, तिला कुनी नवरा इचारतं का?"

जाऊ आली तशीच तरातरा परत गेली. मग धंदा चालला. उजव्या हातातला नमुना रोज बदलायचा, डाव्या हातातल्या सहा हिरव्या मात्र त्याच असायच्या.

यंदा जावेच्या मुलीचं, दिशाचं लग्न ठरलं. जाऊ चुडा चांगुणाकडूनच घेणार होती, पण भरायला सवाशीण बघणार होती. दुकानात बांगड्या बघता बघता दिशाने चांगुणाचा डावा हात धरला. "काकू, मला ह्याच पायजेत."

"त्या देता येनार न्हाईत."

"का गं?" जाऊ म्हणाली. "नमुनाच हाय ना?"

"न्हाई. ह्या कारभाऱ्यानं भरल्यात माझ्या हातात. त्या दिवशी नुसत्या उतरवल्या."

"वाढवल्या म्हनाली हुतीस."

"मग काय म्हनू? तुमी रस्त्यापल्याड हुतात."

 जाऊने त्या हाताकडे बघितलं. डोळे पुसायला पदर वर नेला आणि तोंडाला लावल्यासारखा दिसेल म्हणून घाईने खाली सोडला. मग ती बाकड्यावर चांगुणाला अगदी खेटून बसली आणि दिशाचा हात तिच्या मांडीवर ठेवला.

"तूच भर," ती म्हणाली. "साबन लाव. एकबी वाढाय नको."