कालव्याला टोपी

चार वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या त्या जुन्या कालव्यात आमची होडी उलटली, ती आमच्या जावयामुळे नाही. ती मी उलटवली.

निखिल बिचारा तेव्हापासून जर्सी सिटीतल्या यच्चयावत मराठी घरांत 'होडी बुडवणारा जावई' म्हणून ओळखला जातो. हे नाव मीच पाडलं. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. जन्मभर कालवे बांधले. असा माणूस कालव्यात पडला, हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

झालं असं. लेक मृदुला काठच्या पायवाटेनं चालत होती (पूर्वी याच वाटेनं खेचरं मालाच्या होड्या ओढायची). होडीत पुढे मी, मध्ये आमची ही, मागे वल्हं मारायला निखिल. पंधरा मिनिटं मी कालव्याच्या उतारावर बोललो. तेवढ्यात हिनं पिशवीतून नारळ आणि खण काढला.

"हे काय?"

"ओटी भरते. परक्या मुलखातलं पाणी आहे."

"अगं, ओटी नदीची भरतात. हा कालवा. तो कालवा. पुल्लिंगी."

"मग रिकाम्या हातानं परत जायचं?"

"पुरुषाला टॉवेल-टोपीचा आहेर करतात," मी म्हणालो. इथेच थांबायला हवं होतं.

"मग करा की. टोपी आहे तुमच्या डोक्यावर."

मागून निखिल म्हणाला, "बाबा, प्लीज, उभं नका राहू हं. बॅलन्स जाईल."

कालव्यात मला जावयानं शिकवावं? मी टोपी काढली. आता आहेर काही कोणी बसून देत नाही. मी उभा राहिलो.

पाणी कमरेइतकंच होतं, हे आम्हाला लाइफ जॅकेट घालून भरपूर आरडाओरडा केल्यावर कळलं. पुढे नारळ निघाला, मागोमाग टोपी. काठावरून मृदुलानं विचारलं, "काय झालं?" आणि मी, नाकातोंडात पाणी असताना, स्वच्छ मराठीत म्हणालो, "निखिलनं वल्हं चुकीचं मारलं."

तो वाकून माझा चष्मा शोधत होता.

परवा मृदुलानं पुन्हा तिथेच जायचा बेत काढला. ही म्हणाली, "मी होडीत बसणार नाही." निखिलचा चेहरा पडला. मला राहवेना. सगळ्यांसमोर कबूल करून टाकलं.

कोणी दचकलंसुद्धा नाही.

"अहो, मी तुमच्या पाठीमागेच बसले होते," ही म्हणाली. "मृदुलाकडे तर व्हिडिओ आहे."

"मग होडीत का बसत नाहीस?"

"निखिलच्या होडीत केव्हाही बसेन. तुम्ही नसलात तर."

"आणि चार वर्षं बोलली नाहीस ती?"

"जावयासमोर तुमची टोपी कशाला उडवायची? ती आधीच वाहून गेली होती."

तर येत्या रविवारी ती तिघं होडीत असतील. मी काठानं चालणार आहे. खेचरांच्या वाटेनं.