सिग्नल भाऊजींचा समुद्र

आमच्या भाऊजींना आणखी चहा हवा असला की ते तोंड उघडत नसत. उजव्या हाताचं बोट वर करून हवेत गोल गोल फिरवत. त्याचा अर्थ ‘उचल’. मग ताई आतून चहाचं पातेलं घेऊन येई. ओतायला लागली की तेच बोट खाली वळून फिरू लागे, म्हणजे ‘येऊ दे खाली’. कप भरत आला की तळहात आडवा, ‘हळू’. आणि शेवटी मूठ, म्हणजे ‘थांब’. मूठ दाखवूनही थेंबभर चहा बशीत सांडला, तर ते ताईकडे असं बघत, की जणू तिने लोखंडाचा तापलेला ठोकळा कुणाच्या तरी पायावर नेऊन ठेवला आहे.

भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, रोलिंग मिलला, ते सिग्नलमन होते. क्रेनचा ऑपरेटर वर केबिनमध्ये. खाली काय चाललं आहे ते त्याला खालच्या माणसाने हातांनी सांगायचं. तोंडाचा तिथे उपयोग नाही. त्या धडधडाटात स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येत नाही. सगळी नोकरी त्यात गेली आणि जाताना कान घेऊन गेली. उजव्या कानात थोडीफार धुगधुगी उरली होती, डावा तर नावालाच होता. मिलमध्ये सगळे त्यांना ‘सिग्नल’ म्हणत, तेच नाव कॉलनीत आलं आणि पुढे जुनवानीला घर बांधल्यावर तिथेही सोबत आलं.

दहावीनंतर मी भंडाऱ्याकडून शिकायला ताईच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. पहिले काही दिवस मला वाटलं, या माणसाला माशा फार सतावतात. मग इशारे कळू लागले. मी मुळात कमी बोलणारा, त्यामुळे बोलावं न लागणारं घर मला फार मानवलं. भाऊजी म्हणायचे, “तोंडाचं बोलणं हवेत जाते बाबू. हाताचं बोलणं लोखंड उचलते.” एकदा मी विचारलं, ‘नाही’चा सिग्नल कसा करतात? ते हसले. “‘नाही’चा सिग्नल नसते. ‘थांब’ असते, ‘हळू’ असते. ‘नाही’ म्हटलं तं माल काय हवेतच लटकून राहीन?”

लग्नकार्यात मात्र त्यांचे हाल होत. लोक त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत आणि ते सगळ्यांना एकच हसू देत बसत. “हे लोक माह्याशी बोलत नाहीत,” ते घरी आल्यावर म्हणत, “भांडतात.” पुढे पुढे ते कार्यालयाच्या बाहेर, चपलांपाशी खुर्ची टाकून बसू लागले.

रिटायर झाल्यावर एक दिवस पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. अंदमानच्या समुद्राच्या तळाशी पाठीवर सिलिंडर बांधलेली माणसं, निळं पाणी, मासे. भाऊजींनी मासे बघितलेच नाहीत. ते माणसांचे हात बघत होते. त्यांनी मला बोरसीहून, माझ्या घरून, बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा ताईही चष्मा लावून फोनमध्ये डोकावत होती.

“पाहा, हा अंगठा दाखवून राहिला,” ताई म्हणाली. “छान चाललं म्हणते.”

“छान नाही म्हणत,” भाऊजी खुर्चीवरून उठलेच. “वर जाऊ म्हणते! आपल्या मिलमध्ये बोट वर म्हणजे वर, तसंच. आन हे पाहा, तळहात आडवा. हळू! अबे, हे तं आपलेच लोक आहेत!”

मग ते म्हणाले, “पाण्याखाली सगळेच बहिरे. कलेक्टर असो का मी.” त्यांना अंदमानचा समुद्र बघायचा नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. ज्या जागी कुणीच ऐकू शकत नाही आणि सगळ्यांना हातांनीच बोलावं लागतं, त्या जागी त्यांना एकदा जाऊन बसायचं होतं. चपलांपाशी नव्हे, मध्यभागी.

मग जी तयारी सुरू झाली, तिच्यापुढे मुलीच्या लग्नाची तयारी फिकी पडली. भिंतीवर अंदमानचा नकाशा लागला. पावसाळ्यात तिकडचा समुद्र खवळतो म्हणून हिवाळा ठरला. रायपूरहून कोलकाता, तिथून पुढे, असं विमान मी बघून दिलं. फोनवर त्यांना ऐकू येत नसल्यामुळे सगळीकडे बोलायचं काम माझं. नाकाने श्वास घ्यायचा नाही, तोंडानेच, हे कळल्यापासून भाऊजी संध्याकाळी टीव्हीसमोर नाकाला कपड्याचा चिमटा लावून बसू लागले. आलेल्या पाहुण्याला ताई सांगे, “घाबरू नका. समुद्राची प्रॅक्टिस करून राहिले.”

तिलाही त्यांनी ओढलं. ती म्हणाली होती, “तुमी जा खाली. मी नावेत बसून शेंगा खातो.” पण तालीम एकट्याने होत नाही असं भाऊजींचं म्हणणं. अंगणात मोठ्या टपात पाणी भरून ती त्यात तोंड बुडवी, प्लास्टिकच्या नळीने श्वास घेई आणि सगळं ठीक आहे हे सांगायला सवयीने अंगठा दाखवी. अंगठा म्हणजे ‘वर’. भाऊजी लगेच तिचा अंबाडा धरून तिला बाहेर काढत. “अहो, मी बरी होती!” “मंग वर कावून म्हणाली?” अंबाडा अनेकदा सुटल्यावर ती तर्जनी आणि अंगठ्याचं गोल करायला शिकली. पाण्याखाली ‘ठीक आहे’ म्हणायची ती खूण.

समुद्रात उतरवणाऱ्या अंदमानच्या लोकांनी कान तपासून यायला सांगितलं. मी भाऊजींना दुर्गच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. भाऊजींशी ओरडून बोलणं त्यांच्या जिवावर आलं असावं, ते माझ्याकडे बघूनच बोलले. “डाव्या पडद्याला भोक आहे. पाणी आत गेलं की गरगरायला लागेल, वर कुठलं अन् खाली कुठलं कळणार नाही. मुळीच उतरू देऊ नका.”

भाऊजी भुवया वर करून माझ्या हातांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला ‘थांब’ करवेना. मी तळहात आडवा धरला. हळू.

“हळू उतरा म्हणाला ना?” ते खुर्चीतून उठलेच. “मंग काय! आपली सारी जिंदगीच हळू उतरवण्यात गेली!”

स्कूटरवर ते माझ्यामागे बसले आणि दुर्ग ते जुनवानी दोन्ही हात सोडून मला कासव कसं पोहतं ते दाखवत राहिले. रस्त्यावरचे लोक हसत होते. मी ‘नाही’ म्हणालो नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. पुढे फोनवर अंदमानच्या माणसाने विचारलं, “डॉक्टर को दिखाया ना?” मी म्हणालो, “हाँ, दिखाया.” त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. रोज वाटायचं, उद्या सांगू. रोज त्यांच्या नाकावरचा चिमटा दिसे आणि उद्या परवावर जाई. माझं गप्प राहणं लोकांना स्वभाव वाटतो. ते बऱ्याचदा भित्रेपण असतं, हे मला त्या दिवसांत नीट कळलं.

जायच्या थोडं आधी रायपूरची एक प्रशिक्षक बाई सिलिंडर घेऊन भिलाईच्या जलतरण तलावावर आली. सरावाचा दिवस. छातीभर पाण्यात भाऊजी एकदम झकास. सिलिंडर पाठीवर, नळी तोंडात, बाईच्या प्रत्येक खुणेला बिनचूक उत्तर. बाई मला म्हणाली, “अंकल तो नैचुरल हैं!” मग तिने त्यांना खोल बाजूकडे बोलावलं. निघण्याआधी भाऊजींनी सवयीने एकदा काठावर उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं.

मी दोन्ही हात आडवे पसरले. मिलमधलं तातडीचं ‘थांब’.

ते जागच्या जागी थांबले. नळी काढली, शिडीने वर आले आणि निथळत माझ्यासमोर उभे राहिले. “‘थांब’ कोणीबी म्हणू शकते,” ते म्हणाले. “झाडू मारणाऱ्यानं म्हटलं तरी क्रेन थांबते. कारण मागून विचारायचं. आता सांग, कावून?”

मी सांगितलं. पण भाऊजींना हळू बोललेलं ऐकू कुठे येतं? जे मला कुजबुजतही सांगता येत नव्हतं ते ओरडून सांगावं लागलं. “पडद्याला भोक आहे! डॉक्टर नाही म्हणाले होते! मीच सांगितलं नाही!” पोहायला आलेली पोरं आणि त्यांच्या आया वळून बघू लागल्या. भाऊजींनी कानामागे हात धरला. “काय? ऐकू नाही आलं.” मी पुन्हा ओरडलो. त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, हे मला आजही पक्कं वाटतं.

टॉवेल घेऊन बसलेली ताई शेवटी म्हणाली, “पुरे झालं. साऱ्या सेक्टरले समजलं. फक्त प्लांटचा भोंगा वाजवाचा राहिला.”

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी कपडे बदलले आणि हात पँटच्या खिशात घातले. भाऊजींचा अबोला असा असे. ताईचा रोज फोन येई, “हात खिशातच आहेत. चहासुद्धा मागून नाही राहिले.” नकाशाही भिंतीवरून उतरवला होता. मी विमान रद्द करायचं का, हे विचारायचीही हिंमत करत नव्हतो.

एका रविवारी ते बोरसीला माझ्या दारात उभे राहिले. हात बाहेर होते. “तुले ‘नाही’ म्हणता येत नाही, हे मले माहीत होतं,” ते म्हणाले. “लग्नाले विचारलं तवाबी तू ‘पाहू’ म्हणाला होता. चूक माहीच. तुले सिग्नलचं काम दिलं नाही पाहिजे होतं.” आत माझी बायको ठसका लागेपर्यंत हसली. मग ते म्हणाले, “रद्द नको करू. कुंदा उतरीन.”

कुंदा म्हणजे ताई. तिला हे मीच फोनवर सांगितलं. “मी?” ती म्हणाली. “मी टपातली बाई रे!”

पण ती उतरली. अंदमानला अशी सोय असते, की पोहता येत नसलं तरी प्रशिक्षक तुम्हाला धरून खाली नेतो आणि धरूनच आणतो. पाणी इतकं स्वच्छ होतं की आमच्या नावेची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसत होती. काळा रबरी पोशाख घातलेली माझी बहीण नावेच्या कडेला बसली होती. भाऊजींनी बोट खाली करून फिरवलं, मग तळहात आडवा धरला. तिने गोल करून दाखवलं आणि ती मागच्या मागे पाण्यात गेली. मी आणि भाऊजी वर राहिलो.

ती वर आली तेव्हा चेहऱ्यावर मुखवट्याचा लाल वण होता आणि डोळे ओले होते, समुद्राने की कशाने कोण जाणे. तिने पाठीवरचं सिलिंडर उतरवलं. मग तिने हात उचलले. परतीच्या सगळ्या वाटेवर ती भाऊजींना हातांनी सांगत होती. पडद्यासारखी हलणारी माशांची रांग, मेंदूसारखं गोल पोवळं, आणि एक कासव, जे तिच्याकडे मान वळवून बघत बघत गेलं. भाऊजी तिला थांबवत, कासव पुन्हा करायला लावत. नावेतले बाकीचे प्रवासी आपलं बोलणं विसरून या दोघांकडे बघत होते. भाऊजी बरोबर मध्यभागी बसले होते.

भिलाईत परतल्यावर त्यांनी ही हकिकत जुनवानीपासून मिलच्या कँटीनपर्यंत सगळ्यांना सांगितली. “आमी खाली उतरलो,” अशी सुरुवात करत. भाऊजी खोटं बोलत नसत, ‘आमी’ म्हणत. त्यात कोण कोण येतं ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. कासवाची मान ते अशी वळवून दाखवत की कुणाला शंका येत नसे. मीही काही बोललो नाही.

गेल्या वर्षी भाऊजी झोपेतच गेले. विहारात श्रद्धांजलीची सभा झाली. त्यांच्या क्रेनचे जुने ऑपरेटर साहूजी बोलायला उठले, “हमारा सिग्नल भैया तो समुंदर के नीचे तक हो आया था.” लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात पांढऱ्या साडीतली ताई जागेवरूनच म्हणाली, “नाही गेले. मी गेली होती.”

साहूजी माईक धरून उभे. “तो भाभी,” ते म्हणाले, “इतने साल हमको कछुआ कौन दिखा रहा था?” कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं विहार हसलं, ताईसुद्धा.

तेव्हा मी उठलो. सभेत बोलायची माझी ती पहिलीच वेळ. मी म्हणालो, ताई खाली गेली तेव्हा तिचे बुडबुडे वर येत होते आणि भाऊजी नावेची कड दोन्ही हातांनी धरून त्यांच्याकडे बघत होते. आणि त्यांनी श्वास रोखून धरला होता. पुरेना झाला की सोडत, एक घेत, परत रोखत. तोंड लालबुंद झालं. नावाड्याने विचारलं, “अंकल को उल्टी आ रही है क्या?” मी म्हणालो, भाऊजी, हे काय करून राहिले? तर धापा टाकत म्हणाले, “थे खाली आहे. मी वर बसून हवा कसा खाऊ?” ताईचं डोकं पाण्याबाहेर येईपर्यंत ते असंच चाललं. मग मला म्हणाले, “कुंदाले सांगू नको.” म्हणून मी सांगितलं नाही.

मी खाली बसलो. ताई माझ्याकडे बघत होती.

“हे तू मले आता सांगून राहिला?” ती म्हणाली. मग पदर तोंडाशी नेऊन हसायला लागली, आणि ते हसू काही केल्या थांबेना. “मले म्हणाले, ऊन लागलं. आन मी येडी, त्या दिवशी सांजभर ह्यायच्या तोंडाले कोरफड चोळत बसली होती.”