गादीपुढची तीन आसनं

माणूस गेला तरी त्याची सत्ता गादीवरून उठत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे. अनुभवलं म्हणजे काय, तर काही महिने मी त्या गादीला रोज मुजरा करत होतो. गादी कापसाची होती आणि एका कोपऱ्यात उसवलेली होती.

कल्याणीच्या बाजारात, किल्ल्याकडे चढणाऱ्या रस्त्यावर सावकारांचं कापडाचं दुकान होतं. गादीवर सावकार आणि समोर आम्ही तिघं. आत इरकली लुगड्यांच्या चळतीपाशी अण्णा, मधे धोतरजोड्यांपाशी मामा (सगळ्या बाजाराचाच मामा), आणि उंबऱ्याजवळ मांजरपाट मोजायला मी. ते दोघं दिवसभराचे. मी संध्याकाळचा आणि बाजाराच्या दिवसाचा. बाकीचा वेळ मी मॅट्रिकचा अभ्यास करायचो, निदान वाचनालयात बसायचो. वडील दुबलगुंडीला शेती बघत. त्यांनी एकच अट घातली होती: तुझं पोट तू भरतोस तोवर शीक, नाही जमलं तर ये आणि औताला लाग. मला औताचं भय होतं. बैलांनाही माझं असावं.

सावकारांच्या दुकानात 'नाही' म्हणायची बंदी होती. गिऱ्हाइकाने मागितलेला माल नसला तर 'उद्याच्याला येतंय बघा' असं म्हणायचं. नोकरांनाही हाच नियम. 'उद्या येऊ नको' असं सावकार कधी कुणाला म्हणाले नाहीत. त्याऐवजी आसनं होती. जाड घोंगडीचे तीन चौकोन, प्रत्येकाचा आपापल्या जागी. सकाळी दुकान उघडलं की ज्याचं आसन अंथरलेलं, त्याने बसायचं. ज्याचं गुंडाळून कोपऱ्यात उभं, त्याने वहाणा घालून मुकाट परत जायचं. का म्हणून विचारायचं नाही. मटणाच्या जेवणाला निघालेल्या माणसाला मांजर आडवं गेलं तर तो मांजराला कारण विचारत नाही, तसंच हे. सावकार रात्री मागच्या घरात जाताना स्वतःच्या हाताने आसनं लावतात, असं आम्ही धरून चाललो होतो. लावताना कुणी पाहिलं नव्हतं.

सावकार म्हातारपणाने गेले. मुलगा नव्हता. दुकान हैदराबादच्या जावयाकडे गेलं. जावई कल्याणीला एकदाच आले होते, स्वतःच्या लग्नाला. आताही ते आले नाहीत, त्यांचे हुकूम आले आणि हुकुमांबरोबर एक मुन्तजीम, म्हणजे कारभार बघणारा, आला. सडपातळ माणूस, गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी, चालताना पावलाचा आवाज नाही. हुकूम असे: गादीवर नवी पांढरी चादर घालावी, मखमली लोड ठेवावा, चांदीची अत्तरदाणी ठेवावी, मालकांच्या नावाने सकाळ-संध्याकाळ अत्तर शिंपडावं, नोकरांनी गादीला झुकून सलाम करावा, आणि गादीवर कुणी बसू नये. कापडाच्या दुकानात आता दरबार भरू लागला. फक्त राजा तेवढा नव्हता.

पहिल्या दिवशी मुन्तजीम हळू आवाजात म्हणाला, "घबराओ नक्को. सब पैले जैसाच चलेगा."

आम्ही घाबरलो ते तेव्हापासून. कारण दुसऱ्या दिवशी, बाजाराच्या सकाळी, तिन्ही आसनं पूर्वीसारखीच अंथरलेली होती.

"तू लावलीस काय रे?" मामाने मला विचारलं.

"मी कशाला लावतोय? अण्णानी लावली असतील."

अण्णा गादीकडे बघत होते. चादरीच्या मधोमध खळगा होता, कुणी बराच वेळ बसून उठावं तसा. लोड डाव्या अंगाला सरकला होता. सावकार डाव्या अंगाला टेकायचे.

"ज्याची त्यानं लावली," अण्णा म्हणाले, आणि वाकून सलाम केला. त्या दिवशीचा सलाम हैदराबादच्या मालकांना नव्हता.

मी त्या वेळी बुद्धिवादी होतो. वाचनालयातली सुधारकी पुस्तकं मी सगळी वाचली होती, काही दोनदा. मी मामाला समजावलं की कापूस दबतो, लोड घसरतो, यात अद्भुत काही नाही. मामा म्हणाला, "व्हय व्हय. मग हात लावून बघ की." मी लावला. चादर कोमट होती. उन्हामुळे, असं मी म्हणालो. त्या बाजूला ऊन दुपारनंतर येतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग एका बाजाराच्या दिवशी सकाळी अण्णांचं आसन दिसलं नाही. गुंडाळून कोपऱ्यातही नव्हतं. अण्णांनी कोपरा पाहिला, गादी पाहिली. चादरीतला खळगा त्या दिवशी जरा जास्तच खोल होता. त्यांनी वहाणा घातल्या.

"अण्णा, इचारा की मुन्तजीमला," मी म्हणालो.

"काय इचारू? तीस-पस्तीस वर्सं ज्याच्या म्होरं बसलो त्याला मी नको झालो, तर ह्यो शेरवानीवाला काय सांगनार?"

ते गेले. आम्ही वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरच्या आठवड्यातही त्यांचं आसन दिसलं नाही. लुगड्यांच्या चळतीसमोरच्या मोकळ्या जागेकडे मुन्तजीम मान तिरकी करून बघायचा आणि अत्तर शिंपडायचा. अण्णा सोलापूरकडे गेल्याचं पुढे कानावर आलं.

महिनाभराने मामाचं आसन गेलं. त्याच्या घरात खाणारी तोंडं पुष्कळ. शेवटी येऊन तो उंबऱ्याजवळच्या माझ्या आसनावर बसला.

"हितं तर हाय की एक," तो कुणाकडेच न बघता म्हणाला म्हणे. संध्याकाळी मी आलो तेव्हाही तो उठला नाही. "बाजाराच्या दिशी तू बस. बाकीचं मी बसतो. तुला काय, एकटा जीव."

माझ्या संध्याकाळच्या पाळ्या अशा गेल्या. 'जा' किंवा 'राहा', असं कुणी म्हटलं नाही. भांडावं तर कुणाशी, हा प्रश्न होता. मी एक वेळ जेवू लागलो आणि वाचनालयात बसल्या बसल्या पेंगू लागलो. दुबलगुंडीहून वडिलांचा निरोप आला की पेरणी जवळ आली आहे. त्यात पुढे काही नव्हतं, लागतही नव्हतं.

पुढल्या महिन्यात बाजाराच्याच दिवशी मी सकाळी दुकानात पोचलो तर मामा रस्त्यावर उभा. दार उघडं होतं. आत एकही आसन नव्हतं. फरशीवर तीन चौकोन तेवढे उजळ दिसत होते, आणि त्यांच्यासमोर पांढरी स्वच्छ गादी, मधोमध खळगा.

"संपलं बग," मामा म्हणाला. "आता त्यानला कुनीच नको."

"मामा, चला, दोघं मिळून इचारू."

"तू इचार. माझी लेकरं ल्हान हायती," असं म्हणून मामा गेला.

मी आत गेलो. बाहेर बाजार भरत होता, बैलगाड्या उतरत होत्या, आणि आत मात्र अत्तराचा वास आणि शांतता. मुन्तजीम गादीच्या बाजूला अत्तरदाणी धरून उभा होता. मी सलाम करायचा विसरलो. त्यानेही ते बोलून दाखवलं नाही.

"मुन्तजीमसाब, माझं आसन कामून काढलं?"

तो अगदी हळू म्हणाला, "मैं? मैं कायको निकालूँ? मेरे कू तो बोले, यहाँ का कायदा है, हाथ नक्को लगाओ. मैं समझा तुम लोगां मेरे कू छोड के जा रें."

"मग लावतं कोण?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी गादीकडे पाहिलं. माझ्या डोक्यात सुधारकी पुस्तकातलं एकही वाक्य नव्हतं.

"कोन हाय?" असा आवाज आला.

मुन्तजीमच्या हातातून अत्तरदाणी पडली. आवाज गादीमागच्या दारातून आला होता. दार एवढंसं उघडलं आणि पांढऱ्या लुगड्याचा पदर दिसला. सावकारांच्या पत्नी होत्या. दुकानामागच्या घरात त्या राहात होत्या हे सगळ्या गावाला माहीत होतं. सावकार गेल्यापासून त्या कुणाच्या दृष्टीस पडल्या नव्हत्या, म्हणून आम्ही त्यांना जवळजवळ विसरलो होतो.

"अक्का, मी. मांजरपाटावरचा." "आसनं कुठं गेली?"

"दानात दिली की. दर म्हैन्याला मासिक सराध असतंय त्येंचं. भटजीला आसन द्यावं लागतं. दुकानातलं कापड जावयाचं झालं, त्याला हात कसा लावू? आसनं मी धनगराकडून विणून घेतलेली, ती माझी. एकेक दिली."

"आणि अंथरत कोण होतं?"

"मीच की, पहिल्यापासून. हे रात्री जेवताना सांगायचे, उद्या अमक्याचं घाल, तमक्याचं गुंडाळ. आता सांगायला कोनी न्हाई, म्हणून जेवढी हायती तेवढी घालायली. पहाटं घालून झाली की जरा गादीवर टेकते. सवय हाय." मग पदर सावरून, "कामून रं? तुमी लोकं यायलाव न्हवं का?"

मुन्तजीम खाली बसून अत्तराने भिजलेली चादर आपल्या रुमालाने टिपत होता.

आम्हाला कुणी काढलं नव्हतं, आणि कुणी परत बोलावणारही नव्हतं. मुन्तजीमला हुकुमाशिवाय माणूस ठेवता येत नव्हता, आणि हैदराबादच्या मालकांना दुकानात कोण नि किती माणसं आहेत याची कल्पना असावी असं काही दिसत नव्हतं. मी खोलीवर गेलो. माझ्या अंथरुणात गावाकडून आणलेली घोंगडी होती. विळ्याने तिचा चौकोन कापला, दुकानात आलो, उंबऱ्याजवळच्या उजळ जागेवर तो अंथरला आणि बसलो.

मुन्तजीमने आसनाकडे पाहिलं. मग गादीकडे वळून कमरेत वाकून सलाम केला, आणि मांजरपाटाचं ठाण उचलून माझ्यापुढे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी माझं बघून मामाही गोणपाटाचा तुकडा घेऊन आला. अक्कांची गोष्ट मी त्याला सांगितली. ती ऐकून घेऊन तो म्हणाला, "व्हय, पण तिच्या मनात दान द्यायचं घातलं कुनी?" अण्णांना सोलापूरला निरोप धाडला की गैरसमज झाला, परत या. त्यांनी उलट निरोप धाडला, सावकारांनी बोलावू दे, मग येतो.

माझ्या संध्याकाळच्या पाळ्या मला परत मिळाल्या, औत टळलं आणि त्या वर्षी मी परीक्षेला बसलो. गणितात नापास झालो.