दारोदारी परतलेलं झाड

पुलापर्यंत आलो तोवर माझा खांदा बोलायला लागला होता. फांदीचं जाड टोक जाऊबाईंच्या खांद्यावर, बारीक माझ्या. तरी धापा मलाच लागत होत्या.

"जाऊबाई, जरा टेकू या का?"

"टेकलीस की उठायची नाहीस. चल."

"मग बसने जाऊ."

"मघाशी कंडक्टर काय म्हणाला ऐकलंस ना? झाडाला तिकीट नाही!"

आमच्या इमारतीच्या अंगणातलं झाड वादळात पडलं, त्याची ही फांदी. प्रत्येक खिडकीतून त्याचा एक तरी शेंडा दिसायचा. जाऊबाई बेकरीच्या भट्टीवर कामाला. त्या घरी पोचेपर्यंत झाड ट्रकमधून गावाबाहेरच्या लाकूड-आवारात गेलेलं. रिकाम्या अंगणात उभ्या राहून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "सणाला झाड परत येईल. प्रत्येकाच्या दारावर!"

म्हणून तर ही पायपीट.

भावजींनी करवतीने फांदीच्या गोल चकत्या पाडल्या. साल तशीच ठेवली. लाकूड ओलं होतं. ओलं दिसलं की भट्टीवर ठेवायचं, ही जाऊबाईंची हाताची सवय. शेवटचा घाणा निघाल्यावर त्यांनी चकत्या भट्टीच्या गरम कट्ट्यावर मांडल्या. सकाळी बघतात तर काठापासून मधोमधपर्यंत चिरा.

"अगं, टोस्ट होते का ते?" भावजी हसले.

जाऊबाई हसल्या नाहीत. सण तोंडावर आलेला, आणि जिन्यात जो तो विचारी, "कुठवर आलं झाड?" त्या मान खाली घालून वर चढायच्या. त्यांना मान खाली घातलेलं मी तेव्हाच पाहिलं.

मी म्हटलं, चिरा भुशाने बुजवू. त्यांनी लक्षच दिलं नाही. बेकरीतून आणलेलं केकचं रिकामं खोकं समोर पडलं होतं. आतले पुठ्ठे खाचेत खाच घालून उभे-आडवे अडकवलेले. हजारदा त्यांनीच ते अडकवले असतील. त्या एकदम उठल्या, दोन चकत्या घेतल्या, करवतीने चिरा जरा रुंद केल्या आणि एक चकती दुसरीत सारली. खट्! चारी बाजूंनी गोल, चेंडूसारखं काहीतरी तयार झालं. दोऱ्याने टांगलं तर वाऱ्यावर गिरकी घ्यायला लागलं, आणि लाकडाची वर्तुळं एकामागून एक समोर येत राहिली.

"आता हसा," त्या भावजींना म्हणाल्या.

भावजींनी करवत आपल्या हातात घेतली. "पुढच्या दोन दे."

सणाच्या सकाळी आम्ही दारोदार फिरलो. तळमजल्यावरच्या आजींना दिसत नाही. त्यांनी सालीवरून बोट फिरवलं नि म्हणाल्या, "आलास होय रे? बरं झालं." जाऊबाई ताठ मानेने जिना चढल्या. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. जाऊबाईंचे तोंडावर मानायची सोय नाही, लगेच एखादं काम सांगतात.

सगळ्या दारांना झालं. राहिलं त्यांचं स्वतःचं. दोन चकत्या उरल्या होत्या, पण त्यातली एक चिरलीच नव्हती.

"करवतीने खाच पाडू की," मी म्हटलं.

"एवढ्या आगीत जी टिकली, तिला मी कशाला चिरू?"

चिरलेली त्यांनी एकटीच आपल्या दाराला टांगली. दुसरी पदराने पुसून माझ्या हातात दिली.

"तुझ्या देवाजवळ ठेव. आपण होऊन चिरली की त्याच पावली घेऊन ये. तोवर माझ्या दाराला अर्धं झाड चालेल. आणि हे बघ, माझी दया येऊन मुद्दाम उन्हात ठेवू नकोस हं."