वाटीभर पावागड

पूर ओसरला की समाच्या पुलापाशी एक म्हातारे गृहस्थ दिसायचे. एक डोळा नदीतल्या मगरींवर ठेवून ते विश्वामित्रीच्या काठचा गाळ वाटीत भरायचे आणि वाटी रुमालाने झाकायचे.

एकदा मी विचारलंच, "काका, कुंड्यांसाठी का?"

"ना रे भाई, आमच्या हिच्यासाठी. दर नवरात्रात पावागड चढायची. आता गुडघे गेले." त्यांनी गाळातला खडा हलकेच काढून टाकला. "विश्वामित्री तिथूनच डोंगर खरवडत येते. ती हा गाळ कपाळाला लावते, म्हणते, माताजींचं दर्शन झालं."

"पण डोंगर झिजतो ना, काका?"

"झिजल्याशिवाय तो आमच्या घरी कसा येणार?"

घरी येऊन मी काठच्या चिखलाने भरलेल्या चपला नळाखाली धरल्या, पण नळ काही सोडवेना.